गोव्यात फिरताना किबला कसा धरायचा

गोव्यात कुठेही असा, किबला, म्हणजे नमाजेत तोंड करायची मक्केतल्या काबेची दिशा, पश्चिमेच्या थोडा उजवीकडे आहे. आकड्यात सांगायचं तर सोळा अंश उजवीकडे. होकायंत्रावर उत्तरेला शून्य धरून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने मोजत गेलात तर २८६. पेडण्यापासून काणकोणापर्यंत यात जेमतेम एका अंशाचा फरक पडतो, म्हणून हा एकच आकडा पाठ करा. बाकी सगळं काम खरी पश्चिम ओळखण्याचं, आणि गोव्यात लोक गडबडतात ते तिथेच.

मी डिचोलीत राहते. तालुक्यातल्या मराठी शाळेत भूगोल शिकवण्यात माझी नोकरी सरली. माहेर चिपळूणकडचं, कोकणी मुसलमानांचं, म्हणजे शाफई, सासर हनफी. एकाच घरात नमाज-नियमांची ही दोन्ही सुन्नी मतं नांदली, त्यामुळे दिशेबद्दल किती काटेकोर राहायचं याची चर्चा मी जेवताखाता ऐकत आले आहे. माझ्या नणंदेचा मुलगा टुरिस्ट टॅक्सी चालवतो. भिवंडी, मालेगाव, हैदराबादकडची कुटुंबं त्याच्या गाडीत असतात आणि असरची, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजेची, वेळ झाली की प्रश्न ठरलेला. तो मला फोन करतो, "मामी, पाहुणे म्हणतात समुद्र पश्चिमेला आहे, समुद्राकडे तोंड केलं की झालं. बरोबर का?" हे लिहायला बसले ते त्याच्या पाहुण्यांसाठीच.

आधी सोळा अंश का, ते बघू. मक्का आपल्या पश्चिमेला खरी, पण आपल्यापेक्षा उत्तरेलाही आहे. पणजी साडेपंधरा अक्षांशावर, काबा २१.४२ अक्षांशावर. मधलं अंतर सुमारे ३,६०० किलोमीटर. भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवून रेघ मारलीत तर ती पश्चिमेच्या दहाएक अंश उत्तरेला जाते. पण पृथ्वी गोल आहे आणि सर्वांत जवळची वाट गोलावरच मोजायला हवी. मी वर्गात पृथ्वीगोल घेऊन एका मुलाला गोव्यावर बोट ठेवायला लावायची, दुसऱ्याला मक्केवर, आणि मध्ये दोरा ताणायची. गोव्यातून निघताना दोरा नकाशावरच्या रेघेपेक्षा जास्त उत्तरेला झुकलेला दिसायचा. घरी पृथ्वीगोल असेल तर मुलांना हे करून दाखवाच. शहर बदललं की आकडाही बदलतो: मुंबईत किबला २८० अंशांवर, पुण्यात २८१, बंगळुरूत २८८ ते २८९, कोचीत जवळजवळ २९३. दिल्लीत तो पश्चिमेच्या किंचित दक्षिणेला उतरतो, २६७ वर. घरची सवय प्रवासात तशीच्या तशी वापरू नये ती यासाठी.

आता हे सोळा अंश मोजायचे कसे? हाताने. हात समोर पूर्ण ताणा, कोपर वाकवू नका, मूठ वळा आणि एक डोळा मिटून बघा. मुठीची रुंदी, तर्जनीच्या कडेपासून करंगळीच्या कडेपर्यंत, साधारण दहा अंश झाकते. खात्री करायची असेल तर क्षितिजापासून सुरुवात करून मुठीवर मूठ रचत थेट डोक्यावरपर्यंत जा. नऊ मुठी भरल्या पाहिजेत, कारण तो काटकोन आहे. मुलाचा हात लहान तशी मूठही लहान, म्हणून हिशेब त्याच्या हातालाही लागू पडतो. अंगठा आणि करंगळी ताणून वीत धरली तर वीस अंशांच्या आसपास येतात. म्हणजे पश्चिम सापडली की उजवीकडे दीड मूठ, वर थोडं. तिथे एखादं झाड, खांब, खिडकीची चौकट हेरा आणि मुसल्ला (जानमाज, नमाजेची चटई) त्या रोखाने अंथरा. पायाखाली बघून मुसल्ला फिरवत बसण्यापेक्षा लांबची खूण हेरणं केव्हाही बरं; जवळ बघितलं की हात चुकतो.

समुद्राचं काय, ते आता सांगते. गोव्याचा किनारा सरळ उत्तर-दक्षिण नाही. हरमलपासून कळंगुट-कांदोळीपर्यंत तो खाली येता येता पूर्वेकडे सरकतो, आणि दक्षिणेला कोलवा, बाणावली, मोबोरचा लांबलचक पट्टाही तसाच. त्यामुळे या किनाऱ्यांवर पाण्याच्या रेषेला काटकोनात उभं राहून समुद्राकडे तोंड केलं की तुम्ही पश्चिमेला नसता, पश्चिम-नैर्ऋत्येला असता. किबला तुमच्या उजवीकडे तीस-पस्तीस अंश राहतो. तीन मुठींहून जास्त. समुद्र डावीकडे तिरपा दिसला पाहिजे, उजवा खांदा पाण्यापासून मागे गेला पाहिजे. आणि हा हिशेब लांब सरळ किनाऱ्यांचाच. पाळोळे, बोगमाळो, दोनापावला, मिरामार अशा जागी किनारा वळलेला आहे, मध्ये खाडी किंवा नदीचं मुख आहे. तिथे पाण्याकडे बघून काहीच ठरवू नका. नदीच्या प्रवाहावरूनही नको. मांडवी आणि जुवारी पश्चिमेला वाहतात हे पुस्तकात खरं, पण भरतीच्या वेळी पाणी आत चढत असतं.

दुसरा भुलवणारा म्हणजे मावळता सूर्य. सूर्य पश्चिमेला मावळतो हे आपण पोरांना शिकवतो, पण बरोबर पश्चिमेला तो वर्षातून दोनदाच मावळतो, २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या आसपास. त्या दिवसांत मावळत्या सूर्यापासून उजवीकडे दीड मूठ, की किबला. मग एप्रिलमध्ये सूर्य उत्तरेकडे सरकत जातो, एप्रिलच्या मध्याला फरक अर्ध्या मुठीवर येतो, आणि १ मेच्या सुमारास गोव्यात सूर्य थेट किबल्याच्या रेषेत मावळतो. त्या आठवड्यात मगरिबची अजान झाली की सूर्य जिथे बुडाला तिकडे तोंड करा, दुसरं काही मोजायला नको. असाच योग १२ ऑगस्टच्या सुमारास पुन्हा येतो, फक्त तेव्हा ढगातून सूर्य दिसला पाहिजे. जूनच्या शेवटी सूर्य किबल्याच्याही पुढे जातो, तेव्हा जवळपास एक मूठ डावीकडे यायचं.

हिवाळ्यात मात्र उलटं. ऑक्टोबर संपता संपता फरक अडीच-तीन मुठींवर जातो, नोव्हेंबरच्या मध्यापासून साडेतीन, आणि २१ डिसेंबरला सूर्य पश्चिमेच्या चोवीस अंश दक्षिणेला मावळतो. म्हणजे किबल्यापासून चाळीस अंश दूर: चार मुठी, नाहीतर सरळ दोन विती. जानेवारीच्या शेवटापर्यंत तो साडेतीन मुठींच्या आसपास असतो. पर्यटक येतात ते नेमके याच महिन्यांत. समुद्रही डावीकडे ओढतो, सूर्यही डावीकडे ओढतो, दोघं एकमेकांची साक्ष देतात आणि माणसाला वाटतं आपण अगदी बरोबर उभे आहोत. भाच्याला मी हेच एक वाक्य पाठ करायला लावलं आहे: नाताळच्या सुट्टीत किनाऱ्यावर असलात तर सूर्यापासून उजवीकडे दोन विती.

किनाऱ्यावर नमाज पढायचीच असेल तर भरतीच्या खुणेच्या वर, सुरूच्या झाडांमागे जागा बघा. वाळू कोरडी असते, माणसं समोरून जात नाहीत, आणि पिशवी पुढे ठेवली की सुत्रा, म्हणजे नमाजीसमोरचा आडोसा, तोही झाला.

फोनबद्दल लोक सर्वांत आधी विचारतात, म्हणून थोडं सांगते. किबला दाखवणारी बरीच ॲप आहेत, गूगलचा किबला फाइंडरही आहे, आणि आकडा ती सगळी बरोबर काढतात. चूक होते ती फोनच्या आतल्या होकायंत्राची. गाडीच्या डॅशबोर्डवर, लोखंडी खाटेवर, स्पीकरजवळ, खिडकीच्या गजांना लागून ठेवलेला फोन वीस-तीस अंश सहज बहकतो. कव्हरला लोहचुंबकाचं बटण असेल तर कव्हर आधी काढा. मग फोन हवेत इंग्रजी आठच्या आकड्यासारखा दोन-चार वेळा फिरवा, खोलीच्या मधोमध या, फोन आडवा धरा आणि बाण स्थिर होऊ द्या. दोन पावलं बाजूला जाऊन पुन्हा बघा. दोन्हीकडे बाण एकाच भिंतीकडे असेल तर धरा. हलला तर जवळपास लोखंड आहे. होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यात काही देशांत मोठा फरक असतो, पण गोव्यात तो एक-दोन अंशांच्या आतच आहे, त्याची काळजी सोडा. जानमाजवर शिवलेलं छोटं होकायंत्र असतं त्यालाही हेच नियम.

बाण पटत नसेल तर नकाशाचा उपग्रहातून काढलेला फोटो उघडा. तुमच्या हॉटेलचं छप्पर, समोरचा रस्ता, वळण ओळखू येतं. नकाशात वर उत्तर असते. हॉटेलपासून डावीकडे आडवी रेघ मनात धरा आणि ती सोळा अंश वर उचला. आता खोलीच्या कुठल्या भिंतीला ती लागते ते बघा. याला लोहचुंबकाची बाधा नाही, पावसाळी ढगांची नाही, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये मी यावरच भरवसा ठेवते.

कुणाच्या घरी उतरला असाल तर आणखी सोपं. यजमान हिंदू असतील तर किबला विचारून त्यांना कोड्यात टाकू नका. "पूर्व कुठली?" एवढंच विचारा. देवघर, तुळशीवृंदावन, दिवा लावायची बाजू यांमुळे आमच्या डिचोली-सत्तरीतल्या कुठल्याही आजीला पूर्व झोपेतून उठवून विचारली तरी सांगता येते. माझ्या शेजारच्या काकी तर वाढत्या उन्हाची तिरीप कुठल्या महिन्यात कुठल्या खांबावर येते तेही सांगतात. पूर्वेला पाठ करा, दीड मूठ उजवीकडे वळा. आणि विचारताना संकोच कशाला? आमच्या गावांत पाहुण्यासाठी चटई अंथरून देणारी माणसं आहेत.

गावात मशीद असेल तर प्रश्नच मिटला, मेहराब, म्हणजे किबल्याच्या भिंतीतला कोनाडा, बघा. आणि वेळ असेल तर फोंड्याजवळ शहापूरची साफा मशीद मुद्दाम बघा. आदिलशाही काळातली, १५६० सालची, जांभ्या दगडाची. शेजारी मोठी तळी आहे, तिच्या भिंतींत मेहराबीच्या आकाराचे कोनाडे आहेत. आमच्या डिचोलीच्या पठारावर नमाजगाह आहे, औरंगजेबाचा मुलगा शहजादा अकबर याने बांधली असं मानतात. उघड्या माळावरच्या अशा वास्तूत भिंतीचं मुख्य काम दिशा दाखवणं हेच. आडगावात काही सापडलं नाही आणि कबरस्तान दिसलं, तर तेही सांगतं: कबरी साधारण उत्तर-दक्षिण असतात, मय्यत उजव्या कुशीवर, तोंड किबल्याकडे. डोक्याची बाजू उत्तरेची. घरांच्या गच्चीवरच्या टीव्हीच्या तबकड्या पूर्व आणि दक्षिण यांच्या मध्ये कुठेतरी तोंड करून असतात. त्यावरून सोळा अंश सापडणार नाहीत, पण पूर्व-पश्चिम उलटी तर धरली नाही ना, एवढं कळतं.

दिवसा ऊन असेल आणि हाताशी काहीच नसेल तर काठी वापरा. सपाट जमिनीवर काठी उभी रोवा, सावलीच्या टोकाला खडा ठेवा. वीस-पंचवीस मिनिटं थांबा, तेवढ्यात वुजू (नमाजेआधी हातपाय-तोंड धुणं) करून घ्या. सावली सरकलेली असेल, नव्या टोकाला दुसरा खडा ठेवा. पहिला खडा पश्चिमेचा, दुसरा पूर्वेचा. दुसऱ्याकडून पहिल्याकडे बघा, उजवीकडे दीड मूठ. सकाळी दहा ते दुपारी तीन या वेळात हे चांगलं येतं. अगदी सकाळी किंवा संध्याकाळी करू नका, रेघ तिरकी पडते. जोहरला, म्हणजे दुपारच्या नमाजेला, मला हीच रीत आवडते. पण हातातल्या घड्याळाचा तास-काटा सूर्याकडे धरून दक्षिण काढायची जी युक्ती सांगतात, ती इथे वापरू नका. ती थंड देशांची आहे, जिथे सूर्य वर्षभर दक्षिणेकडे कललेला असतो. गोव्यात मेच्या पहिल्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो, आणि त्या दोन तारखांच्या मध्ये तर दुपारी तो आपल्या उत्तरेला असतो.

वर्षातून दोन दिवस मात्र सूर्य स्वतःच किबला दाखवतो. २८ मे रोजी आपल्या घड्याळात दुपारी २ वाजून ४८ मिनिटांनी आणि १६ जुलैला २ वाजून ५७ मिनिटांनी सूर्य काबेच्या बरोबर डोक्यावर असतो. लीप वर्षात हे एक दिवस आधी येतं, २७ मे आणि १५ जुलै. त्या मिनिटाला जगात जिथे जिथे सूर्य दिसतो तिथे सूर्याकडे तोंड म्हणजे काबेकडे तोंड. जुलैचा दिवस आपल्याकडे बहुतेक पावसात जातो. मेचा दिवस पकडा. त्या दिवशी ढग आले तर एक-दोन दिवस मागेपुढे, वेळ तीच ठेवली तरी फरक नगण्य आहे. मी गच्चीच्या कडेला दोरी बांधून खाली वजन सोडते, गवंडी ओळंबा सोडतात तसं. वाऱ्याने हलू नये म्हणून वजन पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवते. घड्याळ आदल्या दिवशी फोनशी जुळवलेलं असतं. वेळ झाली की दोरीच्या सावलीवर खडूने रेघ. सावलीच्या टोकाकडून दोरीकडे बघितलं की किबला. रेघ फरशीवर पक्की करून ठेवा, वर्षभर त्याच रेघेवरून फोन, जानमाज, सगळं पडताळता येतं. टुरिस्टांना खोल्या भाड्याने देणाऱ्या आपल्या लोकांनी तरी हे करावंच. खोलीत छताच्या कोपऱ्यात एक छोटा बाण रंगवला तर पाहुण्याची पहाटे चारची धडपड वाचते.

रात्री तारे. गोव्यातून ध्रुव फार खाली दिसतो, क्षितिजाच्या वर जेमतेम दीड मूठ, म्हणून डोंगराआड किंवा धुक्यात हरवतो. उन्हाळ्यात सप्तर्षीतले पुलह आणि क्रतु जोडून रेघ पुढे वाढवा, हिवाळ्यात शर्मिष्ठा शोधा. ध्रुवाकडे तोंड करून डावा हात खांद्याच्या रेषेत आडवा पसरला की हात पश्चिम दाखवतो. त्या हातापासून ध्रुवाच्या बाजूला दीड मूठ आत या. याहून सोपं मृग नक्षत्र आहे. त्याच्या पोटातले एका रेषेतले तीन तारे, ज्यांना आपण व्याधाचा बाण म्हणतो, बरोबर पूर्वेला उगवतात आणि बरोबर पश्चिमेला मावळतात, वर्षभर, कुठल्याही गावातून. डिसेंबरात संध्याकाळी ते पूर्वेला वर येत असतात, त्यांच्याकडे पाठ करा. एप्रिलमध्ये इशाच्या, म्हणजे रात्रीच्या नमाजेच्या, वेळेला ते पश्चिमेला उतरलेले असतात. मेच्या सुट्टीत येणाऱ्यांना ते दिसणार नाहीत.

आगगाडीत काय करायचं ते सविस्तर सांगते, कारण माझी निम्मी सफर कोकण रेल्वेचीच. या मार्गाची एक सोय आहे: गाडी मुंबईकडे जाताना साधारण उत्तर-वायव्येला धावते. मग किबला डाव्या हाताच्या खिडक्यांच्या बाजूला, थोडा पुढे, इंजिनाकडे झुकलेला. डाव्या खिडकीकडे तोंड करा आणि तीन मुठी इंजिनाच्या बाजूला वळा. गोव्याकडे येताना उजव्या खिडक्या, आणि झुकाव शेवटच्या डब्याकडे. दोन समोरासमोरच्या बाकांमधली जागा नेमकी खिडकीकडे लांब असते, त्यामुळे उभं राहून, रुकू-सजदा (वाकणं आणि कपाळ टेकणं) करून नमाज होते. सहप्रवाशांना आधी विचारा. पाय वर घेऊन जागा करून देणारेच जास्त भेटतात. दारापाशी, येण्याजाण्याच्या वाटेवर मुसल्ला टाकू नका. लोक अडखळतात आणि तुमचंही लक्ष लागत नाही. वळणं येतात, बोगदे येतात. गाडी वळली असं नमाजेत कळलं तर आपणही वळायचं. स्टेशनवर गाडी थांबलेली असताना फर्ज, म्हणजे सक्तीची नमाज, उरकता आली तर उत्तम, पण गाडी सुटेल या धास्तीत फलाटावर उतरू नका.

हुबळीकडे जाणारी गाडी वेगळी. कुळे सोडून दूधसागरचा घाट लागला की रूळ इतके वळतात की दोन रकातींत (नमाजेच्या दोन आवर्तनांत) खिडकीतला सूर्य एका बाजूचा दुसऱ्या बाजूला जातो. घाटात नमाज धरू नका. घाट चढायला कुळ्याला इंजिनं जोडतात, तेवढ्या थांब्यात पढा, नाहीतर वेळ उरत असेल तर लोंढा येऊ द्या.

माझ्या माहेरच्या शाफई मतात मुसाफिराला जोहर-असर आणि मगरिब-इशा एकत्र पढायची मुभा आहे, चार रकातींच्या दोन करायचीही. डिचोली सोडून थिवी स्टेशनला आलं की सफर सुरू झालेली असते, मी तिथेच जोहर-असर आटोपून गाडीत बसते. हनफी मतात कसर (चाराच्या दोन करणं) आहे, अशी जमा (दोन नमाजा एकत्र पढणं) नाही. त्यांनी प्रत्येक नमाज आपल्या वेळेतच पढायची. बसमध्ये बसल्या जागी, बस जाईल त्या दिशेला पढता येतात त्या नफल, म्हणजे ऐच्छिक नमाजा. हदीसमध्ये आहे की रसूलुल्लाह सफरीत उंटावर बसून, तो जाईल त्या दिशेला नफल पढत आणि फर्जसाठी खाली उतरून किबल्याकडे तोंड करत. तेव्हा फर्जसाठी ड्रायव्हरला गाडी थांबवायला सांगा. आपल्या हायवेवर पाच मिनिटांसाठी नाही म्हणणारा ड्रायव्हर क्वचितच. राष्ट्रीय महामार्ग ६६ वर मडगावहून म्हापशाकडे जाताना किबला साधारण ड्रायव्हरच्या विरुद्ध बाजूला, थोडा पुढे असतो. मडगावकडे जाताना ड्रायव्हरच्या बाजूला, थोडा मागे.

किती चुकलं तर चालतं? काबा ज्याला डोळ्यांनी दिसत नाही त्याला दिशा पुरे, असं हनफी उलेमा म्हणतात. दोन्ही बाजूंना पंचेचाळीस अंशांपर्यंत माणूस किबल्याच्या दिशेतच धरला जातो. तिर्मिजीच्या हदीसमध्ये मदिनेच्या लोकांना पूर्व आणि पश्चिम यांच्या मधलं सगळं किबला सांगितलं आहे, कारण मक्का त्यांच्या दक्षिणेला. शाफई मतात शक्य तितकं थेट काबेकडे तोंड करण्याचा आग्रह जास्त आहे. मला विचाराल तर सवलत आहे म्हणून मोजायचा कंटाळा करू नये. डिसेंबरात सूर्याच्या मागे गेलेला माणूस चाळीस अंशांवर उभा असतो, म्हणजे हनफी हद्दीच्याही कडेला. त्यात मुसल्ला आणखी जरासा डावीकडे पडला तर हद्द ओलांडली.

आणि एवढं करूनही अंधार आहे, ढग आहेत, फोन बंद पडला आहे, विचारायला कोणी नाही, असं झालं तर मनाशी नीट विचार करून जी दिशा जास्त पटेल ती धरा आणि पढा. वेळ जाऊ देऊ नका. कुरआनात सूरह बकराच्या ११५ व्या आयतीत आहे की पूर्व आणि पश्चिम अल्लाहचीच, जिकडे तोंड कराल तिकडे तोच आहे. मात्र शोध न घेता वाटेल तिकडे उभं राहण्याला ही सूट नाही. नमाज झाल्यावर कळलं की दिशा चुकली होती, तर हनफींना ती पुन्हा पढावी लागत नाही, शोध घेतला होता हे पुरे. शाफईंनी चूक खात्रीने कळल्यावर पुन्हा पढायची. नमाज चालू असताना कोणी जाणत्याने दिशा सांगितली तर हनफी माणूस आहे तिथूनच वळतो आणि पुढे चालू ठेवतो. मदिनेजवळच्या कुबाच्या लोकांनी असंच केलं होतं. किबला बदलल्याची खबर घेऊन माणूस आला तेव्हा ते फजरच्या, म्हणजे पहाटेच्या, नमाजेत होते, तोंडं शामकडे (जेरुसलेमच्या बाजूला) होती, आणि उभ्या जागी ते सगळे काबेकडे वळले. म्हणून कुणाला चुकीच्या दिशेला पढताना बघितलंत आणि तुम्हाला खात्री असेल, तर नमाज संपायची वाट बघत थांबू नका. बाजूला उभं राहून हळू आवाजात "थोडं उजवीकडे" एवढं सांगा.